गमत नही

वत्सलाबाईंना गुजराती येते का, असं कुणी विचारलं तर त्या ठामपणे मान हलवून हो म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. सुरतेतल्या बमरोलीच्या बाजारात त्यांनी भल्याभल्या भाजीवाल्यांना गुजरातीत गप्प बसवलं आहे. ‘बराबर आपो’, ‘काले आवजो’, ‘चालशे’ हे त्यांच्या जिभेवर सदाचेच. पण सगळ्यांत लाडका शब्द म्हणजे ‘वांधो नहीं’. काही हरकत नाही, असा त्याचा अर्थ. पारोळ्याकडच्या खेड्यातून नवऱ्याबरोबर सुरतेला उतरल्या, तेव्हा पहिल्या आठवड्यातच हा शब्द त्यांना सापडला, आणि भाजीत हळद घालावी तसा तो त्या सगळ्यात घालू लागल्या. नळाला पाणी आलं नाही, वांधो नहीं. साड्यांचे सुटे धागे कापायचं काम घरी देणारा शेठ म्हणाला आज माल नाही, वांधो नहीं. समोरचा खूश होतो, आपलीही सुटका होते.

आता कुणी म्हणेल की गुजराती आणि आपली भाषा तर सख्ख्या बहिणी, त्यात एवढं अवघड काय आहे? असं म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार. सख्ख्या बहिणी आहेत हेच तर दुखणं आहे. अगदी परक्या भाषेत माणूस जपून पाऊल टाकतो. बहिणीच्या घरात शिरताना खाली कोण बघतो? तिथंच उंबरठ्याला ठेच लागते.

वत्सलाबाईंचे यजमान रामदास लूमवर कामाला होते. कापडाच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांचा खडखडाट, त्यामुळे घरी आले तरी मोठ्यानं बोलायचे, आणि बोलायचे ते अहिराणीतच. चाळीत डावीकडे धुळ्याचे, उजवीकडे अमळनेरचे. वत्सलाबाईंना मनातलं बोलायला दुसरी भाषा लागलीच नाही. एकुलता एक मुलगा नितीन, त्याला मात्र रामदासनी हट्टानं गुजराती शाळेत घातलं. पोरगा इथल्यांसारखा बोलला तर इथला होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि पोरगा खरोखरच इथला झाला. हजीऱ्याला कंपनीत लागला, हिरल नावाच्या गुजराती मुलीशी त्यानं लग्न केलं, सुरतेतच पालला फ्लॅट घेतला. अहिराणी त्याच्याकडं राहिली ती लहानपणापुरती. जेव, नीज, पानी पे, पडशीन. एवढं ऐकलं की त्याला कळायचं. त्यापुढचे शब्द त्याच्या कानात अहिराणी शिरायचे आणि आत जाऊन गुजराती व्हायचे.

रामदास गेले तो दिवस नितीन अजून विसरलेला नाही. छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात नेलं होतं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि वत्सलाबाईंना म्हणाले, “बहेन, अमे बहु कोशिश करी, पण...” वत्सलाबाईंना कळलं. सगळं कळलं. आणि तोंडातून काय निघालं? “वांधो नहीं, साहेब.” डॉक्टर त्यांच्याकडं बघतच राहिले. नितीननं खांद्याला धरून त्यांना बाहेर व्हरांड्यात आणलं. तिथं चाळीतली शोभाबाई दिसली, आणि ती “काय व्हयनं वं?” म्हणाली मात्र, वत्सलाबाईंनी हंबरडा फोडला. “माले एकलीले टाकीसन कोठे गयात!” अख्खा व्हरांडा गोळा झाला. बाई तीच होती, दुःखही तेच होतं. नुसतं कुणी अहिराणीत विचारायला हवं होतं.

ध्रुवी झाली तेव्हा नितीननं आईला पालच्या फ्लॅटवर आणलं. हिरल रिंग रोडवर कापडबाजारात हिशेबाच्या कामाला जायची, पोरीकडं बघायला कुणीतरी हवं होतं. कामापुरतं नेलं असं कुणी म्हणेल, तर त्यानं ती दोन-तीन वर्षं पाहायला हवी होती. वत्सलाबाईंना पुन्हा बोलायला माणूस मिळालं. माणूस पाळण्यातलं होतं, पण माणूसच. न्हाऊ घालताना, भात कालवताना, बाल्कनीतून कावळे दाखवताना त्या अखंड अहिराणीत बोलत राहायच्या. ध्रुवी बोलायला लागली ती तशीच लागली. आईबापाशी गुजराती, आजीशी अहिराणी. हिरल संध्याकाळी घरी आली की पोरगी तिला बिलगायची, आणि आजीकडं वळून सांगायची, “मम्मी नव्हती ना, माले गमत नव्हतं.”

हा शब्द इथं नीट समजून घ्यायला हवा. पुण्यामुंबईकडं ‘करमत नाही’ म्हणतात ना, तेच खानदेशात ‘गमत नही’. जवळचं माणूस नसलं की घर खायला उठतं, हाताला काम सुचत नाही, सारखं दाराकडं लक्ष जातं, ते सगळं या दोन शब्दांत येतं. वत्सलाबाईंच्या आईनं लेक सासरी गेल्यावर हाच निरोप पाठवला होता. यात कुणाविषयी तक्रार नसते. असलीच तर माया असते.

मग ध्रुवी शाळेत जायला लागली. आधी सकाळपुरती, मग दुपारीही तिथंच ठेवून घेऊ लागले. जेवण तिथं, झोप तिथं, गाणीबिणी तिथं. पोरगी घरी यायची ती दमून, खाऊन झोपायची. फ्लॅटमध्ये दिवसभर वत्सलाबाई एकट्या. शेजारचं दार कायम बंद. टीव्ही लावला तर तो स्वतःशीच बोलत बसायचा. त्या घासलेली भांडी पुन्हा घासायच्या, ध्रुवीचे कपडे उगाच काढून पुन्हा घड्या घालायच्या. शाळेची बस यायच्या कितीतरी आधी खाली फाटकापाशी जाऊन उभ्या राहायच्या. वॉचमन हसायचा.

हिरल मनानं चांगली. सासू गप्प गप्प आहे हे तिनं टिपलं. एका संध्याकाळी चहा घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, “मम्मी, हमणां केम चूप रहो छो? शुं थयुं?”

सुनेनं आपणहून विचारलं, वत्सलाबाईंचा जीव भरून आला. आज ‘वांधो नहीं’ म्हणून टोलवायचं नाही, खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि अहिराणीत सांगून तिला कळायचं नाही, म्हणून वाक्य मनात जुळवलं. ‘माले’चं ‘मने’ केलं, ‘नही’चं ‘नथी’ केलं. मधला शब्द तर दोन्हीकडं एकच, तो तसाच ठेवला. आणि बोलल्या, “मने घरमां गमतुं नथी.”

वाक्य बिनचूक होतं. कुठल्याही गुजराती मास्तरानं पैकीच्या पैकी गुण दिले असते. फक्त त्याचा अर्थ निघाला तो असा, की मला हे घर आवडत नाही.

हिरलचा चेहरा उतरला. “अहीं नथी गमतुं?”

“ना. जराय नही.” आपलं म्हणणं पोचलं असं वाटून वत्सलाबाईंना हलकं हलकं वाटत होतं.

“कंई ओछुं पडे छे, मम्मी? मारी कंई भूल थई?” काही कमी पडतं का, आपलं काही चुकलं का, असं ती विचारत होती.

“ना, ना! तू तो सारी छे. बस, नथी गमतुं.” आणि तू चांगलीच आहेस हे पटावं म्हणून त्यांनी सुनेच्या गालावरून हात फिरवला. हिरलनं तो हात धरून ठेवला आणि डोळे पुसले. वत्सलाबाईंना वाटलं, पोरीला आपलं दुःख कळलं. आता ही शाळेत सांगून ध्रुवीला दुपारी तरी घरी आणेल. त्या रात्री त्या छान जेवल्या.

रविवारी नितीन आईजवळ येऊन बसला. बऱ्याच दिवसांनी त्यानं मोडकीतोडकी अहिराणी काढली. “माय, हिरल म्हने, तुले आठे गमत नही. खरं शे का?” इथं आवडत नाही का, असं त्याला विचारायचं होतं.

लग्न झाल्यापासून तो ‘मम्मी’ म्हणत होता. ‘माय’ ऐकून वत्सलाबाई विरघळल्या. “खरं शे रे भाऊ. दिनभर नही गमत. तू कंपनीमा, ती बाजारमा, पोर शाळामा. मी काय भितडासकडे देखत बसू?”

“बमरोलीले बरं व्हतं ना?”

“व्हतं ना,” त्या म्हणाल्या. आता बमरोलीला बरं होतंच की. रामदास होते, सारखी ये-जा होती. खोटं कशाला बोलायचं? नितीननं मान डोलावली, आणि उठून हिरलकडं गेला. आतल्या खोलीत दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होती.

पुढं जे झालं त्यात कुणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं, आणि म्हणूनच चिडायचं तरी कुणावर हे कळत नाही. हिरलची आई मंजुलाबेन भावनगरला एकटीच असायची, गुडघे गेलेले. तिला जवळ आणावं असं हिरलच्या मनात कधीचं होतं, पण फ्लॅटमध्ये जास्तीची खोली एकच, तिथं सासू. ती कधी बोलली नाही. आता सासूलाच इथं आवडत नाही म्हटल्यावर सगळ्यांचंच भलं होईल असा मार्ग नवराबायकोला दिसला. नितीन गुपचूप बमरोलीला जाऊन चाळीतली आईची बंद ठेवलेली खोली उघडून आला, रंगारी लावला. आणि एका संध्याकाळी हसत हसत आईसमोर उभा राहिला.

“माय, तुन्ही बमरोलीनी खोलीले रंग दिधा. पंखा बी नवा लावा. तुले तठे गमस ना, मंग तठेच राहा. आम्ही येत जासूत.”

आणि मागून हिरल म्हणाली, “ध्रुवीनी चिंता ना करता, मम्मी. भावनगरथी मारी बा आवे छे.”

वत्सलाबाईंनी दोन्ही गोष्टी एकदम ऐकल्या आणि त्यांची एकच गोष्ट केली. हिची आई येणार, म्हणून मला काढतात. नितीन एकटा असता तर त्यांनी त्याला अहिराणीत असा काही झोडपला असता की यंव. मी काय जुनी गोधडी शे का, काम सरनं का माळावर टाकानी? वाक्य ओठांवर आलं होतं. पण समोर हिरल उभी होती, त्यांच्या तोंडाकडं आशेनं बघत. तिच्यासाठी ते गुजरातीत करायला हवं होतं, आणि वत्सलाबाईंच्या गुजरातीत भांडायला जागाच नव्हती. ती सगळी हो म्हणण्यासाठी शिकलेली भाषा.

“वांधो नहीं,” त्या म्हणाल्या.

नितीनचा जीव भांड्यात पडला.

वत्सलाबाई निघायच्या आदल्या दिवशीच मंजुलाबेन आली. जिना चढताना दोनदा टेकावं लागलं असावं, दारात आली तेव्हा घामाघूम झाली होती. वत्सलाबाईंनीच तिला पाणी दिलं, आपल्याच पलंगावर धुतलेली चादर घातली, गुडघ्यांखाली घ्यायला उशी दिली. ती बाई हात जोडून काहीबाही चांगलं बोलत होती. तिचाही नवरा गेलेला, तिलाही कुणी नाही. तिचा राग करायचा म्हटलं तरी करता येईना, आणि त्यानं वत्सलाबाईंना आणखीच असहाय वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळे बमरोलीला आले. खोलीत रंगाचा वास होता. हिरलनं डबे लावून दिले, देव मांडून दिले. निघताना ध्रुवी आजीच्या पातळाला धरून बसली, सोडेना. नितीननं तिला उचलून घेतली आणि तो पुढं गेला. हिरल दारात थांबली. वाकून पाया पडली, उठली, आणि वत्सलाबाईंच्या गळ्यात पडून म्हणाली, “मम्मी, अमने तमारा वगर नहीं गमे.”

वत्सलाबाईंनी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

तमारा वगर नहीं गमे. म्हणजे तुम्हनाबिगर गमाव नही. तुमच्याशिवाय करमणार नाही. शब्दाला शब्द तोच. म्हणजे हिच्या भाषेतही हे असतं! फक्त कुणाच्या ‘वगर’ ते सांगावं लागतं. ते न सांगता नुसतं म्हटलं की... त्यांना चहाची ती संध्याकाळ आठवली. हिचा उतरलेला चेहरा आठवला. मारी कंई भूल थई, असं ती का विचारत होती ते आत्ता, इतक्या दिवसांनी, लख्ख कळलं. ही मला काढत नाहीये. मीच हिला सांगितलं की तुझं घर मला आवडत नाही, गालावरून हात फिरवून सांगितलं.

“हिरल,” त्या म्हणाल्या. “हिरल, मने... ए घर तो...” एवढंच. बाकीचं सगळं अहिराणीतच भरभरून येत होतं. आणि समजा सांगता आलं असतं, तरी पुढं काय? पलंगावर आता मंजुलाबेन होती, तिच्या दुखऱ्या गुडघ्यांखाली उशी होती. तिला उठवून भावनगरला धाडायचं? खाली नितीननं गाडीचा हॉर्न वाजवला. हिरल डोळे पुसत गेली.

संध्याकाळी शोभाबाई आली. “कसाले उनी वं परत? तठे चांगलं व्हतं ना?” तिनं विचारलं, आणि वत्सलाबाईंनी सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठंही न अडता, रडत, मधेच स्वतःवर हसत. एका शब्दानं कसा घात केला तेही सांगितलं. शोभाबाईला शब्द न् शब्द कळला, तीही रडली. पण शोभाबाईला कळून काय उपयोग? जिला कळायला हवं ती पालला बसली होती.

तरी वत्सलाबाईंनी हिंमत सोडली नाही. निदान मुलाला तरी खरं कळू दे. मला परत न्या असं म्हणायचं नाही, फक्त तुझं घर मला आवडत होतं एवढं सांगायचं. कपडे वाळत घालताना, भाकरी थापताना त्यांनी वाक्य घोळवलं. ‘बिगर’ विसरायचा नाही, काही झालं तरी विसरायचा नाही. आणि नितीनला फोन लावला. तो कंपनीच्या बसमध्ये होता, पाळी करून थकलेला, मागं गलका.

“नितीन, भाऊ, माले आठे गमत नही रे...”

“माय!” तो मधेच म्हणाला. रागानं नाही, अगदी कासावीस होऊन. “आठे तुले गमत नव्हतं, आते तठे बी गमत नही. तुले गमस तरी कोठे? तूच सांग, मी काय करू?”

त्याचा आवाज फुटला होता. बापाच्या दहाव्यालाही तो असा बोलला नव्हता. ‘बिगर’ वत्सलाबाईंच्या तोंडातच राहिला. आपण आणखी एक शब्द बोललो तर पोरगा बसमध्ये चारचौघांत रडेल, या भीतीनं त्यांनी तो गिळून टाकला.

“काही नही रे. वांधो नहीं. तू जेवना का?”

त्यानंतर त्या विषय काढायच्या बंद झाल्या. सुट्टीच्या दिवशी हिरल न चुकता व्हिडिओ कॉल लावते. एकदा असाच लावला. ध्रुवीला मंजुलाबेननं नवा गुलाबी फ्रॉक आणला होता, झालरीझालरींचा. तो आजीला दाखवायचा म्हणून पोरीला फोनसमोर उभी केली. ध्रुवीनं एकदा गोल फिरून दाखवलं. मग फोनमध्ये आजी दिसली तशी थांबली. खालचा ओठ बाहेर आला.

“आजी,” ती म्हणाली, “माले गमत नही.”

वत्सलाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनीच शिकवलेला शब्द होता तो.

“शुं नथी गमतुं, दीकू?” हिरलचा आवाज आला. “फ्रॉक? फ्रॉक नथी गमतुं?”

“झालर करडती हशे,” ती टोचत असेल असं वाटून मंजुलाबेन म्हणाली. “लाव, बदली नाखीए.”

“गमत नही!” ध्रुवी आता रडायलाच लागली.

“फ्रॉक नही!” वत्सलाबाई फोनवर ओरडल्या. मग घाईघाईनं गुजराती केली. “हिरल, फ्रॉक नथी... फ्रॉक नथी गमतुं, एम नथी...”

“हा मम्मी, फ्रॉक ज नथी गमतुं एने,” हिरल म्हणाली. “हमणां बदलुं छुं.”

फोन कुठंतरी उताणा ठेवला गेला. वत्सलाबाईंना पालच्या खोलीतला पंखा दिसत राहिला. ओळखीचा पंखा, रोज त्याच्याखालीच त्या निजायच्या. कपड्यांची सळसळ ऐकू येत होती, दोघी बायकांची समजूत ऐकू येत होती, आणि पोरीचे हुंदके. त्या फोन दोन्ही हातांत धरून “हिरल, हिरल” म्हणत राहिल्या. कुणाला ऐकू गेलं नाही.

फोन पुन्हा उभा झाला. ध्रुवीच्या अंगावर आता पिवळा सुती फ्रॉक होता. नाक लाल झालेलं. ती रडायची थांबली होती आणि आजीकडं एकटक बघत होती. त्या घरात तिचं म्हणणं कळेल असं कुणी नव्हतं. जिला कळत होतं ती फोनमध्ये होती, आणि आजी आता सांगेल, म्हणून ती वाट बघत होती.

“जुओ, केवी सरस लागे छे!” हिरल आनंदानं म्हणाली. “मम्मी, हवे बराबर छे ने?”

वत्सलाबाईंनी तोंड उघडलं. वाक्य आत होतं, पुरतं, ‘बिगर’सकट. पण हिरलच्या मागं मंजुलाबेन उभी होती, हातात तो गुलाबी फ्रॉक धरून, तोंड बारीक करून. मोठ्या हौसेनं आणला होता बिचारीनं.

“वांधो नहीं,” वत्सलाबाई म्हणाल्या.

ध्रुवीनं मनगटानं नाक पुसलं, आणि आजी बोलली अगदी त्याच सुरात हळूच म्हणाली, “वांधो नहीं.”

“केवी डाही दीकरी!” किती शहाणी पोर, म्हणून तिकडं दोघी हसल्या. हिरलनं तिचा मुका घेतला, आजीला टाटा करायला लावलं, आणि फोन बंद केला.